सरांची झोप

आमचे सर डिक्टेशन देता देता झोपायचे. तेही उभ्याउभ्या. एक हात टेबलावर टेकलेला, दुसऱ्या हातात पुस्तक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. 'वुई आर इन रिसीट ऑफ युवर' इथपर्यंत आले की आवाज मंद व्हायचा, शेवटचा शब्द लांबायचा आणि मग नुसतीच शांतता. समोर शॉर्टहँडची मुलं-मुली पेन्सिली वर धरून बसलेली. नवीन आलेली घाबरायची. जुनी मुलं तेवढ्या वेळात मागं राहिलेल्या रेघोट्या भरून काढायची. मग डोळे न उघडताच सर 'लेटर' म्हणायचे आणि डिक्टेशन पुढं सुरू. गेलेला शब्द त्यांनी कधी पुन्हा म्हटला नाही, पुढचा कधी गाळला नाही. ज्यांचा हात हळू चालायचा त्या मुलांना आमच्या सरांसारखे सर साऱ्या हैदराबादेत नाहीत असं वाटायचं.

कुणी हसलंच तर सर शांतपणे म्हणायचे, "झोपलो नव्हतो. वाक्याचा विचार करत होतो."

नारायणगुड्यात एका कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. इंग्रजीची मशीन जास्त, तेलुगूची थोडी, हिंदीचं एक. मी तिथं शिकायला गेले आणि शिकवायला राहिले. माझे वडील नांदेडकडून नोकरीसाठी आलेले, आमचं घर अंबरपेठेत. सरांचं घराणं परभणीकडचं. त्यांचे वडील रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. मी मराठवाड्यातली म्हटल्यावर सरांनी माझी मुलाखत घेतलीच नाही. "ज्वारीची भाकरी येते का?" एवढंच विचारलं. येते म्हटलं, तर म्हणाले, "मग मनगटात जोर असेल. उद्यापासून ये."

ती नव्वदीनंतरची वर्षं. गल्लोगल्ली केबलच्या तारा आल्या होत्या, रस्त्यावर कधी न पाहिलेल्या गाड्या दिसत होत्या आणि दर चार घरांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. आमची मुलं कमी होत चालली होती. दुसरा कुणी असता तर खचला असता. सर संध्याकाळी त्या कॉम्प्युटरवाल्यांकडे जाऊन बसायचे आणि त्यांना विचारायचे, "हा बाण पडद्यावर चालतो, पण उंदीर तर टेबलावर चालतो. मधे काय होतं?" तिथली पोरं टाळाटाळ करायची. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

त्यांना सगळ्याचं कुतूहल होतं. इराण्याच्या हॉटेलात चहा प्यायच्या आधी भटारखान्यात डोकावून दूध किती आटवलंय ते बघणार. मला एकदा म्हणाले, "तू 'क्यू' मारताना तोंड डावीकडं का वाकवतेस? करंगळीचा आणि ओठांचा संबंध काय?" मी आठवडाभर 'क्यू' असलेला शब्दच टाळत होते. माणूस बुटका, पोट सुटलेलं. मान म्हणून काही नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर बसवल्यासारखं. सकाळी आले की कपाळाला बामचा वास यायचा. डोकं रोज दुखतं, म्हणायचे, पण दुपारपर्यंत आपोआप थांबतं. ब्लड प्रेशरची गोळी चालू होती. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

पौर्णिमेला ते विहारात जायचे. ध्यानाला बसले की पहिल्या पाच मिनिटांत स्थिर. पाठ ताठ, चेहरा शांत, हाक मारली तरी हलत नसत. विहारात त्यांचा मोठा मान होता. बायका आपल्या नवऱ्यांना दाखवायच्या, बघा ध्यान कसं लागतं ते. एकदा ते सगळ्या सभागृहात घुमेल असं घोरले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पदरात तोंड लपवलं. सरांना नंतर कळलं तेव्हा ते भंतेजींकडे गेले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "ध्यान आणि झोप यांच्यातला फरक आतून कसा ओळखायचा?"

हे सगळं गमतीचं होतं. परीक्षेच्या त्या प्रसंगापर्यंत गमतीचंच होतं.

सरांचा उच्चार स्वच्छ, म्हणून शॉर्टहँडच्या परीक्षेत डिक्टेशन द्यायला त्यांना बोलावत. हातात स्टॉपवॉच घेऊन ठराविक वेगानं मजकूर वाचायचा, एका अक्षराचा फरक चालत नाही. त्या वर्षी ते मजकुराच्या मध्यावर झोपले. आमच्या वर्गात चालायचं, तिथं कसं चालणार. काही मुलांना वाटलं संपलं, त्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या. सुपरवायझरनं खांदा हलवला तेव्हा सर 'लेटर'सारखाच पुढचा शब्द बोलून मोकळे झाले, पण घड्याळ पुढं गेलं होतं. डिक्टेशन रद्द झालं. सगळ्यांना पुन्हा यावं लागलं. तांडूरहून पहाटेच्या गाडीनं आलेली एक मुलगी जिन्यात बसून रडत होती. सर तिच्याजवळ गेले, हात जोडून उभे राहिले. ती म्हणाली, "सर, तबियत खराब थी तो नहीं आना था ना." पण आपली तबियत खराब आहे असं सरांना स्वतःलाच वाटत नव्हतं.

त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या दिवसापासून 'झोपलो नव्हतो' हे वाक्यही बंद झालं. आता मुलं हसली तर सर चष्मा पुसत राहायचे.

मग त्यांचं सगळं कुतूहल स्वतःच्या झोपेकडं वळलं. पहिला संशय भातावर. भात बंद, दोन्ही वेळा भाकरी. झोप तशीच. मग पंख्यावर, मग पाण्यावर, मग उशीवर. उशी काढली, विटेवर टॉवेल गुंडाळून झोपले आणि मान धरली. पाठीमागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणाचं टॉनिक दिलं. दुसऱ्या डॉक्टरांना वाटलं, रात्री झोप लागत नसणार. त्यांनी झोपेची गोळी दिली. ती घेतल्यावर सर दिवसा आणखीच पेंगायला लागले आणि काकूंनी ती पुडी संडासात टाकून दिली. का टाकली, ते काकूंनी सांगितलं नाही. सरांना वाटलं, बायकोचा इंग्रजी औषधांवर विश्वास नाही.

काकूंबद्दल आमचा सगळ्यांचाच गैरसमज होता. अंगानं बारीक, डोळ्यांखाली काळं, आणि बोलणं अखंड. सरांच्या स्कूटरवर मागं बसल्या की नारायणगुड्यापासून घरापर्यंत त्यांचं तोंड थांबत नसे. भाजीचा भाव, नणंदेची सून, समोरच्या सिग्नलवरचा पोलीस. मुलं म्हणायची, सर घरी जाताना रेडिओ लावून जातात. खरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. त्या गप्प झाल्या की सर पेंगायचे.

एकदा काकूंचा घसा बसला. आवाजच फुटेना. त्याच संध्याकाळी स्कूटर बरकतपुऱ्याच्या वळणावर हळूहळू डावीकडं सरकत गेली आणि सीताफळांच्या गाड्यावर आपटली. वेग नव्हता म्हणून निभावलं. सरांना खरचटलं, काकूंचं मनगट मोडलं. सीताफळवाला आपली फळं गोळा करायची सोडून आधी त्यांना उचलायला धावला. सरांना म्हणाला, "साब, नींद आरी थी तो किनारे को रुक जाना था. मैं चादर डाल के देता था."

सरांनी जवळच्या दुकानातून इन्स्टिट्यूटला फोन केला. मी हाडांच्या डॉक्टरांकडे पोहोचले तेव्हा काकूंच्या हाताला प्लास्टर चढत होतं आणि सर बाजूच्या बाकावर भिंतीला टेकून झोपलेले होते. एवढं होऊनही. मला त्यांचा रागच आला. ते मोठ्यानं घोरत होते. घोरणं चढत गेलं, आणि एकाएकी थांबलं. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण हवेचा आवाजच नाही. डॉक्टरांचे हात प्लास्टरवर थांबले. मी सरांकडं धावणार तोच काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "थांब. येईल आता." आणि सरांनी पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला, मान हलवली, आणि पुन्हा घोरायला लागले.

डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, ये कब से है?"

"बहुत साल हुए. रातभर ऐसाच."

"और आप?"

"मैं क्या. हाथ रखके बैठती. ज्यादा देर बंद हुआ तो हिलाती."

मी काकूंची पर्स हातात धरून उभी होते. डॉक्टरांनी प्लास्टरची शेवटची पट्टी दाबून बसवली. मग म्हणाले, हाड मी जोडतो, पण यांना उद्याच्या उद्या छातीच्या डॉक्टरांकडे न्या.

बाहेर आल्यावर मी काकूंना विचारलं, हे तुम्ही आजवर कुणाला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "काय सांगू बाई? नवरा घोरायलाय म्हणून? सासूबाई म्हणायच्या, घोरणारा माणूस सुखी असतो."

सर उद्याच्या उद्या जायला तयार नव्हते. "घोरतो हे मान्य," ते म्हणाले. "माझे वडीलही घोरायचे. पण श्वास थांबला असता तर मी आज तुझ्यासमोर बसलो असतो का?" काकूंचं म्हणणं त्यांना प्रेमापोटीची अतिशयोक्ती वाटत होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. इन्स्टिट्यूटमध्ये डिक्टेशनचा टेपरेकॉर्डर होता. दुपारी मुलं नसत तेव्हा ते पार्टिशनच्या मागं बाकावर पडायचे; मी कोरी कॅसेट घालून त्यांच्या उशाशी तो लावून ठेवायचा असं ठरलं. "पुरावा पाहिजे," म्हणाले, "मग कुठंही चल."

त्या दुपारी ते उठले, तोंड धुऊन आले, स्टॉपवॉच हातात घेतलं आणि ऐकायला बसले. सुरुवातीला त्यांना मजा वाटत होती. "हा माझा आवाज? रेल्वेच्या वर्कशॉपसारखा आहे." मग पहिली शांतता आली. त्यांनी बटण दाबलं. काटा फिरायला लागला. टेपमधून फक्त वरच्या पंख्याचा आवाज येत होता आणि खालून रिक्षाचा हॉर्न. सरांनी माझ्याकडं पाहिलं, टेपकडं पाहिलं. मला लक्षात आलं की तेसुद्धा श्वास धरून बसलेत. टेपमधला माणूस धडपडून श्वास घ्यायच्या आधीच त्यांना आपला सोडावा लागला.

त्यांनी कॅसेट मागं फिरवून तेवढाच भाग पुन्हा ऐकला. मग टेप बंद केला.

"हे हिनं रोज ऐकलं?" ते म्हणाले.

छातीच्या डॉक्टर एक बाई होत्या, एका नव्या मोठ्या इस्पितळात. त्यांनी सरांचा घसा पाहिला, मानेला टेप लावून घेर मोजला, वजन केलं आणि झोपेच्या तपासणीसाठी एका रात्रीपुरतं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर थेट इन्स्टिट्यूटला आले. केसांत चिकट लुकण, कपाळावर गोल वण, आणि चेहरा जत्रेतून आल्यासारखा. "डोक्याला तारा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. मी विचारलं, बोटाला कशाला? म्हणाले, रक्तात प्राणवायू किती आहे ते कळतं. बोटातून कळतं गं. नुसता लाल दिवा लावून." घरी जाऊन आंघोळ करायच्या आधी त्यांनी हे आम्हा सगळ्यांना सांगितलं.

निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर हिंदीत सावकाश सांगत होत्या. माणूस झोपला की गळ्याचे स्नायू सैल पडतात. कुणाकुणाची वाट मुळातच अरुंद असते, मानेवर चरबी असते, मग ती वाट मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून धक्का देतो, माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. हे जागं होणं इतकं छोटं असतं की सकाळी आठवतही नाही. रात्रभर असंच चालतं. हृदयावर ताण येतो, प्रेशर वाढतं, सकाळी डोकं दुखतं.

"म्हणजे मी झोपतो फार, असं नाही?" सरांनी विचारलं.

"तुम्ही बऱ्याच वर्षांत झोपलेलेच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

सर काकूंकडं वळून बघत राहिले. न झोपलेली माणसं त्या खोलीत दोन होती.

उपाय काय, म्हटल्यावर सरांनी इतके प्रश्न विचारले की बाहेरची रांग चुळबुळायला लागली. वजन उतरवा, हे पहिलं. पाठीवर झोपू नका, जीभ मागं पडते. दारू आणि झोपेच्या गोळ्या नाहीत, त्यांनी स्नायू आणखी सैल होतात. हे ऐकताना काकू खाली मान घालून थोड्या हसल्या. खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी दातांची पट्टी असते, पण ती सौम्य त्रासाला. ऑपरेशनही असतं, पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही. तुमचा त्रास मोठा आहे, डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला मशीन लागेल. नाकावर मास्क, त्यातून रात्रभर दाबानं हवा. आणि तोवर स्कूटर बंद.

मशीन बाहेरच्या देशातून यायचं होतं, वेळ लागणार होता. सरांनी स्कूटर विकून टाकली आणि तेही पैसे त्यात घातले. मधल्या दिवसांत त्यांनी बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा उपाय केला. डॉक्टरांनीच सांगितला होता. काकूंचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ते खिसे मी शिवले. सर रोज सकाळी अहवाल द्यायचे. "चेंडू टोचला की कुशीवर वळतो. कुशीवर कमी थांबतो. पण कूस बदलताना हिला लाथ बसली."

मशीन आलं तेव्हा त्यांनी ते आधी इन्स्टिट्यूटमध्ये आणून टेबलावर मांडलं आणि मुलांना दाखवलं. "यात औषध नाही. ऑक्सिजनसुद्धा नाही. ही आपल्या खोलीतलीच हवा, फक्त दाब देऊन. गळ्याच्या वाटेला आतून टेकू लावल्यासारखा." एका मुलीनं विचारलं, "सर, डर नहीं लगता?" सर म्हणाले, "काल लावून बघितलं. लगता है."

सवय व्हायला फार दिवस लागले. नाकावर वळ उठायचे, घसा कोरडा पडायचा, हवा डोळ्यांत जायची. झोपेतच ते मास्क ओढून फेकायचे. एकदा म्हणाले, परत करून टाकतो. डॉक्टरांनी मास्कचा आकार बदलून दिला, दाब पुन्हा ठरवला. त्यात आमच्याकडं लाइट जायची. लाइट गेली की मशीन बंद, मास्कमध्ये जीव गुदमरलेला, सर उठून बसलेले. मग त्यांनी टीव्हीच्या दुकानातून इन्व्हर्टर आणला. त्यानंतर लाइट गेली की त्या घरात पंखा बंद, दिवा बंद, फक्त मशीन चालू असायचं.

हळूहळू बामचा वास गेला. संध्याकाळपर्यंत सर ताजे. डिक्टेशन सुरू झालं की संपेपर्यंत थांबायचं नाव नाही. हळू हाताची दोन मुलं तर इन्स्टिट्यूट सोडून गेली. पुढं टायपिंगचाच काळ संपला आणि टाइपरायटर भंगारात गेले, तेव्हाही सर जागेच होते. भंगारवाला लोखंड कसं ओळखतो ते विचारत उभे होते.

पण काकूंची झोप परत आली नव्हती. मशीन चालायला लागल्यावर खोली शांत झाली, आणि त्या शांततेत त्यांना झोप येईना. इतकी वर्षं शांतता म्हणजे उठायची वेळ होती. त्या अजूनही सरांच्या छातीवर हात ठेवून पडायच्या. सर म्हणायचे, "अगं, आता मशीन बघतंय." त्या म्हणायच्या, "हौ, माहीत आहे," आणि हात तिथंच.

एक दिवस सर उशिरा आले. असं कधी झालं नव्हतं. दाढी केलेली नव्हती, शर्टाचं बटण वर-खाली लागलेलं. मी घाबरले.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"झोपलीय," ते म्हणाले. "अजून."

घड्याळात दहा वाजून गेले होते. ते खुर्चीवर बसलेही नाहीत, उभ्याउभ्याच सांगायला लागले. पहाटे त्यांना जाग आली, तेव्हा काकूंचा हात त्यांच्या छातीवर नव्हता. त्या दुसऱ्या कुशीवर वळून झोपल्या होत्या. सरांनी मास्क काढला आणि खुर्ची ओढून बसले. दूधवाला आला तर बाहेर जाऊन त्याला घंटी वाजवू नको म्हणाले. खालच्या घरात रेडिओ लागला, तोही बंद करायला सांगून आले.

"हिला झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "मी आधी झोपायचो. उठायचो तेव्हा ही उठलेली. झोपेत भुवया वर करते ती. ठाऊक आहे का तुला? कुणी काहीतरी सांगतंय आणि हिला खरं वाटत नाही अशा."

मला इन्स्टिट्यूटची किल्ली देऊन ते परत गेले. मुलांना काय सांगू म्हटलं, तर म्हणाले, काही सांगू नको.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मग केव्हा उठल्या काकू.

"जेवणाची वेळ टळून गेल्यावर. उठली, इकडं तिकडं बघितलं. म्हणाली, काय झालंय, तुम्ही असे का बसलात? म्हटलं, काही नाही झालं. तू झोपली होतीस."

"मग?"

"मग काय. रडली थोडी. मी चहा ठेवला."